मुंगूस, घूस आणि माझा इंग्रजीचा तास

बालमित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मुंगूस पाहिलंय? बांधावरून सुर्रकन पळणारं, नाग दिसला की शेपटी फुलवून उभं राहणारं? आता इंग्रजीत मुंगसाला काय म्हणतात ते आठवा बरं. ‘मंगूस’! ओळखीचं वाटतं ना? वाटणारच. तो शब्द मुळी आपलाच आहे. युरोपातली माणसं इकडे आली तेव्हा त्यांना हा प्राणी इथं दिसला. त्यांनी मराठी नाव उचललं आणि आपल्या जिभेला जमेल तसं वळवून घेतलं.

खरी गंमत पुढेच आहे. इंग्रजीत ‘गूस’ नावाचा एक बदकापेक्षा मोठा पक्षी असतो. एक असला तर गूस आणि पुष्कळ असले की ‘गीस’. पण मंगूस पुष्कळ असले तर ‘मंगीस’ होत नाहीत, ‘मंगूसेस’ होतात. का? कारण मंगूस हा त्या गूसचा काका नाही की मामा नाही. तो आपला मराठी मुंगूस आहे!

मी इंग्रजीची शिक्षिका होणार आहे. होणार आहे, म्हणजे अजून झालेले नाही. बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्यानंतर शिक्षक पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टलवर नाव नोंदवायचं आणि वाट बघायची. किती दिवस वाट बघायची, ते विचारू नका. पण वर्ग मिळाला की पहिल्या दिवशी फळ्यावर काय लिहायचं, ते माझं आधीच ठरलंय. एका बाजूला मुंगूस आणि दुसऱ्या बाजूला घूस. घूस कशाला, ते सांगते पुढे.

आधी माझं गाव सांगते. मी सोलापूरची. आमच्या पूर्व भागात कधी आलात तर गल्लीत शिरता शिरता खटखट, खटखट असा आवाज ऐकू येईल. ते यंत्रमाग. त्यांच्यावर चादरी आणि टॉवेल विणले जातात. माझे पणजोबा तेलंगणातून मागावर काम करायला इथं आले आणि इथलेच झाले. अशी घरं इथं हजारोंनी आहेत. त्यामुळे आमच्या घरात तेलुगू, शाळेत मराठी, पलीकडच्या गल्लीत कन्नड आणि बाजारात हिंदी नाहीतर उर्दू. इथलं पाच वर्षांचं पोर तीन भाषांत भांडू शकतं. आणि माझं असं मत आहे, की ज्या भाषेत भांडता येतं ती भाषा आली असं समजायला काहीच हरकत नाही!

मग इंग्रजी कुठं भेटली? तर टॉवेलावर. खरंच सांगते. माझे वडील टॉवेलाच्या कारखान्यात कामाला आहेत. सोलापूरचे टॉवेल परदेशात जातात, हे तुम्हाला ठाऊक असेल. मागावर जकार्ड बसवलेलं असलं, की टॉवेलात फुलं, पानं, अगदी अक्षरंसुद्धा विणता येतात. विणताना कुठे धागा तुटला, डाग पडला, की तो टॉवेल बाजूला काढतात. असे टॉवेल वडील कधीकधी स्वस्तात घरी आणायचे. त्यांच्यावर कधी ‘वेलकम’ असायचं, कधी ‘गुड मॉर्निंग’, तर कधी कुठल्याशा परक्या हॉटेलाचं नाव. आंघोळ करून अंग पुसताना मी एकेक अक्षर लावून बघायची. टॉवेल उलटा केला तर रंगांची अदलाबदल होते आणि अक्षरं आरशात पाहिल्यासारखी उलटी दिसतात. ‘बी’ आणि ‘डी’ यांत माझा गोंधळ कधी झाला नाही त्याचं श्रेय मी त्या टॉवेलांनाच देते. सुलट बाजू कोणती हे कळल्याशिवाय वाचताच यायचं नाही ना!

आणि माझी आई, आमच्या भाषेत अम्मा. ती विड्या वळते. तेंदूची पानं भिजवायची, कातरीनं मापात कापायची, तंबाखू भरायचा, वळायचं, टोक मुडपायचं आणि दोऱ्यानं बांधायचं. दिवसाला हजार विड्यांचं काम असतं. मान मोडून येते. (विडी हे काही चांगलं व्यसन नाही, आणि तंबाखूची धूळ नाकात जाते ती वेगळीच. हे अम्मालाही ठाऊक आहे. पण सोलापुरात हजारो बायकांची चूल या कामावर पेटते.) अम्मा विड्या मोजते तेलुगूत. कारखान्यात विड्या छाटून बाजूला टाकल्या, तर ‘यात काय वाईट आहे ते दाखवा’ म्हणून वाद घालते मराठीत. शेजारच्या काकूंशी सुखदुःख बोलते कन्नडमध्ये. आणि कुणी विचारलं, तर म्हणते, ‘मी अडाणी आहे.’

मी आठवीत सेमी इंग्रजीच्या तुकडीत गेले, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. त्या वर्षीपासून अम्मा पालकसभेला यायची बंद झाली. कारण काय, तर तिथं सगळे इंग्रजीत बोलतील! बोलत कुणीच नव्हतं. सभा चांगली मराठीत व्हायची, चहासुद्धा मिळायचा. पण चार भाषा बोलणारी माझी अम्मा पाचव्या भाषेच्या नुसत्या नावानं दारातच थबकली. पालकहो, तुमच्यापैकी कुणी असं थबकलं असेल, तर पुढचं तुमच्यासाठीही आहे.

पाचवीत माझ्या बाकावर एक मुलगी बसायची. एकदा तिच्यावर उभं राहून धडा वाचायची पाळी आली. त्यात सुरी आली, म्हणजे ‘नाइफ’. पण तिचं स्पेलिंग तर के-एन-आय-एफ-ई. तिनं जसं लिहिलं होतं तसं वाचलं, ‘कनाइफ’. सगळा वर्ग हसला. फळ्याजवळूनही हसू आलं. ती खाली बसली, आणि मग वर्ष संपेपर्यंत इंग्रजीच्या तासाला तिनं तोंड उघडलं नाही. नंबर आला की ती घसा दुखतोय असं खुणेनं सांगायची. नववीत तिनं शाळा सोडली. एका हसण्यामुळे सोडली असं मी म्हणणार नाही, घरची कारणं त्याहून मोठी होती. पण तो तास मी विसरलेले नाही.

आता बी.एड.ला आल्यावर मला काय कळलं, ठाऊक आहे? जुन्या काळी इंग्लंडातली माणसं हा ‘के’ खरोखरच उच्चारत होती! ‘नाइफ’मधलाही आणि ‘नी’ म्हणजे गुडघ्यातलाही. सन १४७६ मध्ये कॅक्सटन नावाच्या गृहस्थानं इंग्लंडात पहिला छापखाना काढला. पुस्तकं छापली जाऊ लागली तशी स्पेलिंगं हळूहळू पक्की होत गेली. पण बोलणाऱ्यांच्या जिभा काही छापखान्याचं ऐकत नाहीत. बोलणं बदलत राहिलं, ‘के’ गळून पडला, आणि कागदावर मात्र तो तसाच राहिला. रिकाम्या घरावर जुनी पाटी राहावी ना, तसा. म्हणजे माझ्या त्या मैत्रिणीनं वाचलं ते अगदीच चूक नव्हतं. ती फक्त चार-पाचशे वर्षं उशिरा आली होती!

त्या दिवशी हे कुणी सांगितलं असतं तर? मला शिक्षिका व्हायचंय त्यातलं निम्मं कारण हेच आहे.

आता घुशीची गोष्ट. बी.एड. करताना आम्हाला शाळेत जाऊन सराव पाठ घ्यावे लागतात. वर्गात आम्ही शिकवतो आणि मागच्या बाकावर आमचे निरीक्षक वही घेऊन बसतात. म्हणजे वर्गात सगळ्यात जास्त घाबरलेलं माणूस कोण, हे तुम्हीच ओळखा! माझा पाठ सातवीला होता. विषय होता प्राण्यांची नावं. मी चित्रं काढून नेली होती, त्यांत एक भलीमोठी घूस होती. आमच्याकडे गटारांपाशी पुष्कळ असतात, घराखाली बिळं करतात. ‘व्हॉट इज धिस?’ मी विचारलं. ‘रॅट!’ सगळे ओरडले. ‘नाही, उंदराहून मोठं काहीतरी.’ सगळे गप्प. इतक्यात खिडकीजवळचा एक मुलगा स्वतःशीच पुटपुटला, ‘पंदिकोक्कू.’

हा तेलुगू शब्द. पंदि म्हणजे डुक्कर, कोक्कू म्हणजे मोठा उंदीर. डुकराएवढा उंदीर! मी म्हटलं, ‘पुन्हा बोल, मोठ्यानं बोल.’ त्याला वाटलं, आता बोलणी बसणार. मी फळ्यावर इंग्रजीत लिहिलं, ‘बँडीकूट’. आणि सांगितलं, की हा इंग्रजी शब्द याच्या घरातून गेलेला आहे. पंदिकोक्कूचा झाला बँडीकूट. पुढे ऑस्ट्रेलियात एक निराळाच, पिल्लाला पोटाच्या पिशवीत ठेवणारा प्राणी दिसला, तर त्यालाही तेच नाव देऊन मोकळे झाले. म्हणजे तेलुगू शब्द पार ऑस्ट्रेलियाला पोचला!

तो मुलगा वर्गात बोलत नाही असं मला आधीच सांगून ठेवलं होतं. त्या तासाला त्यानं तीन वेळा हात वर केला. शेवटी त्यानं विचारलं, ‘बाई, आपले आणखी किती शब्द तिकडे गेलेत?’ पुष्कळ गेलेत. मग आम्ही फळ्यावर यादी केली. खाटेचा ‘कॉट’ झाला, लूट तशीच ‘लूट’ राहिली, जंगल तसंच गेलं, बंगला ‘बंगलो’ झाला. डोकं चोळण्याला हिंदीत चांपना म्हणतात, त्याचा झाला ‘शाम्पू’. एवढ्यात तास संपला. पाठ टाचणातला निम्मा भाग शिकवायचा राहिलाच.

निरीक्षकांनी वहीत लाल शाईनं लिहिलं, ‘इंग्रजीच्या तासाला इंग्रजीच बोलावे.’ त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. बाई सगळं मराठीतच सांगत बसल्या, तर मुलांच्या कानावर इंग्रजी पडणार कधी? आमच्यासारख्या घरांत ती तासाबाहेर कुठंच ऐकू येत नाही. म्हणून मीही माझ्या वर्गात भरपूर इंग्रजी बोलणार आहे. सोपं, रोजचं, परत परत तेच. खिडकी उघड, खडू दे, काल काय जेवलास, पाय दुखतोय का? पण मुलाच्या घरची भाषा दाराबाहेर चपलांसारखी काढून ठेवायला सांगणार नाही. त्या पाठाला मला गुण बेताचेच मिळाले, आणि ते टाचण मी जपून ठेवलंय.

आमच्या जिल्ह्यातलंच एक उदाहरण सांगते. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवत होते ते रणजितसिंह डिसले गुरुजी तुम्हाला ठाऊक असतील. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या शिक्षकांत वाटून टाकली. पुस्तकांत त्यांनी क्यूआर कोड घातले हे सगळ्यांना आठवतं. पण मला त्यांची दुसरीच गोष्ट जास्त आवडते. मुलांच्या घरची भाषा कन्नड होती, म्हणून त्यांनी पुस्तकातला मजकूर मुलांच्या भाषेत आणला. आधी ते मुलांच्या घरापर्यंत गेले आणि मग मुलांना शाळेपर्यंत घेऊन आले.

आणि मोठेपणी परकी भाषा येत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस. जन्म १९१० चा, आमच्या सोलापूरचा. १९३८ मध्ये ते भारताच्या वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. युद्ध चालू, जखमी सैनिक येतायत, आणि यांना भाषेचा गंधही नाही. ते तिथं चिनी शिकले, बोलू लागले, वाचू लागले, तिथल्या वैद्यकीय शाळेत त्यांनी शिकवलंसुद्धा. १९४२ मध्ये वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते तिथंच वारले. सोलापुरात त्यांच्या घरी स्मारक आहे, आलात की जरूर बघा. त्यांच्या चिनी उच्चारांत सोलापूर डोकावत होतं की नाही, याची चौकशी कोणत्या जखमी सैनिकानं केली असेल असं मला वाटत नाही!

उच्चारांवरून आठवलं. ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’ अशा पाट्या तुम्ही भिंतींवर वाचल्या असतील. फाडफाड काय, कापड आहे का ते? भाषेला वेळ लागतो. मात्र काही गोष्टी आपल्याजवळ आधीच असतात, हे त्या पाट्या सांगत नाहीत. ‘कॅट्स’ म्हणून बघा. शेवटी जो आवाज आला, तो ‘चमचा’तल्या ‘च’चा आहे, ‘चहा’तल्या नव्हे. ‘बेड्स’ म्हणा. शेवटचा आवाज ‘जहाज’मधल्या ‘ज’सारखा. मराठी मुलांना हे न शिकवता येतं.

आणि काही गोष्टी आपल्याजवळ अशा आहेत की त्या इंग्रजीकडे नाहीतच. ‘उद्या आम्ही गड्ड्याच्या जत्रेला जाणार’ आणि ‘उद्या आपण गड्ड्याच्या जत्रेला जाणार’ ही दोन वाक्यं बघा. पहिल्यात तुम्ही घरीच राहिलात, दुसऱ्यात तुम्ही आलात! तेलुगूतही हा फरक आहे, तिथं मेमु आणि मनमु. इंग्रजीत मात्र दोन्हींना एकच, ‘वुई’. माझ्या वर्गात मी हे कोडं घालणार आहे: नुसतं ‘वुई’ म्हणून पाहुण्याला कसं कळवाल, की तूही चल? मुलं काय काय शोधून काढतात, ते मला बघायचंय. ‘यू टू!’ असं कुणीतरी नक्की ओरडेल. तेच तर वाक्य बनवणं.

माझा वर्ग कसा असेल, ते मी पुष्कळदा मनात मांडून बघते. भिंतीवर एक मोठा कागद असेल. त्यावर एकेका वस्तूचं नाव मुलांच्या घरच्या जेवढ्या भाषा असतील तेवढ्यांत आणि मग इंग्रजीत. कोपऱ्यात एक पेटी, तिच्यात गोष्टींची पातळ पुस्तकं, फाटली तरी चालतील अशी. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटचा तास नुसत्या गोष्टीचा. माझ्या शाळेत एक बाई असा तास घ्यायच्या. त्यावर प्रश्न नाहीत, उत्तरं नाहीत. आम्हाला अर्धी गोष्ट कळायची आणि उरलेली आम्ही घरी जाताना भांडून पुरी करायचो. आणि हसण्याबद्दल एकच नियम: गोष्टीला हसायचं, वाचणाऱ्याला नाही. शेवटच्या बाकावरून ‘कनाइफ’ आलं, तर आधी ‘के’ची कथा सांगणार आणि मग पुढे वाचायला सांगणार.

पालकहो, तुम्ही विचाराल, की मग मुलाला इंग्रजी शाळेतच का घालू नये? तो निर्णय तुमचा. पण लहानपणी मूल ज्या भाषेत विचार करतं तीत शिकलं तर पाया पक्का होतो, असं मला वाटतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही, शक्य तिथं निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असंच म्हटलंय. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी विषय आहे. त्याआधी तो पाचवीपासून असायचा. तुमच्यापैकी कित्येकांना तो तसाच भेटला असेल, म्हणून धाकही जास्त असेल. मुलाचा अभ्यास घेता येत नाही म्हणून लाजू नका. रात्री त्याला फक्त म्हणा, ‘आज काय वाचलंस ते मला समजावून सांग’, तुमच्या भाषेत. ज्याला समजावता येतं त्याला समजलेलं असतं.

आणखी एक बेत आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी आईला नाहीतर वडिलांना वर्गात बोलवायचं. त्यांनी आपलं काम करून दाखवायचं. कुणी माग सांगेल, कुणी रिक्षाचं इंजिन, कुणी कडक भाकरी. मुलांनी प्रश्न विचारायचे आणि मग पाहिलं ते इंग्रजीत पाच ओळींत लिहायचं. पाठ्यपुस्तकात डाकियाचं काम येतं, डॉक्टरचं येतं, पण दिवसभर मापात पानं कापणाऱ्या हातांचं काम मी तरी कुठल्या धड्यात वाचलेलं नाही. मुलांनाच ते लिहू दे.

हा बेत मी अम्माला सांगितला. पहिली पाहुणी तूच, म्हटलं. ती कातर चालवत होती. आधी म्हणाली, मुलांपुढे तंबाखू आणायचा नाही. मी म्हटलं, बरं, नुसती पानं आण, दोरा आण, बाकीचं हातांनी दाखव. मग बराच वेळ ती काही बोलली नाही. पाच-पंचवीस पानं कापून झाल्यावर म्हणाली, ‘येईन. पण मी तेलुगूतच बोलणार.’